ही कुणाची गं?

मोतीबिंदू काढल्यापासून आईला घर नव्याने दिसायला लागलंय. भिंतीवरचे ओलीचे ओघळ, कपाटावरची धूळ, माझे कानाजवळचे पांढरे केस. "एवढी कधी पिकलीस?" असं ती एकदम विचारते, जणू मी हे तिला चोरून केलं. मागच्या श्रावणात तिच्या तपासणीसाठी सांगलीला गेले होते. दुपारचा चहा झाला, वहिनी पार्सलं बांधायला आत गेल्या आणि आई त्यांचा फोन घेऊन बसली. वहिनी घरून साड्या विकतात. गौरी-गणपती तोंडावर आले की त्यांच्या ग्रुपवर दिवसाला पंधरा-वीस फोटो पडतात, आणि ते नव्या डोळ्यांनी बघणं हा आईचा दुपारचा उद्योग झाला होता. बोटाने एकेक सरकवायचं, काठापाशी रेंगाळायचं, "हा रंग नाही चांगला" असं कुणीही न विचारता सांगायचं. एका फोटोपाशी बोट थांबलं. मोरपंखी इरकल, लाल पदर, दगडी कमानीत उभी असलेली पंचविशीतली मुलगी, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. नजर आपल्याकडे नाही, आपल्या खांद्यावरून मागे कुठेतरी. आईने फोन लांब धरला, मग जवळ आणला.

"ही कुणाची गं?"

आमच्याकडे हा प्रश्न नावाच्या आधी येतो. लग्नाचा अल्बम असो, पेपरातले दहावीच्या गुणवंतांचे फोटो असोत, एसटीत समोरच्या सीटवर बसलेली मुलगी असो. कुणाची म्हणजे कुणाची लेक, कुणाची सून, कुठल्या गल्लीतली, हिची आजी ती पेठभागातली का. उत्तर मिळालं की तो चेहरा आईच्या डोक्यातल्या कुठल्याशा फडताळात जाऊन बसतो आणि मग ती निवांत होते. "हनुवटी आपल्याकडची वाटते," ती म्हणाली.

"कुणाची नाही गं आई. कॉम्प्युटरने केलीय."

"म्हणजे चित्र?"

"चित्र नाही. फोटोच. म्हणजे, फोटोसारखं."

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मग साडी कुणी नेसवली हिला?"

मी हसले आणि उठून कप विसळायला गेले. कारण एका अर्थाने ती मीच नेसवली होती.

सांगायला हवं. गेली चार वर्षं वहिनींच्या साड्यांचे फोटो आमच्या गच्चीवर निघत. मॉडेल म्हणजे माझी भाची, वहिनींची मुलगी. कॉलेजातून चारला यायची, कपभर चहा प्यायची आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत एकामागून एक सहा-सात साड्या नेसायची. वहिनी निऱ्या धरायच्या, मी सांगलीत असले तर पदर सारखा करायचे. उन्हाची तिरीप साडेचार ते सव्वापाच एवढीच चांगली, त्यामुळे सगळी घाई. मागे शेजाऱ्यांची डिश येऊ द्यायची नाही, दोरीवरचे टॉवेल काढायचे, आणि वारा सुटला की पदर उडतोय तोवर पटापट फोटो. ब्लाउज एकच, काळा, सगळ्या साड्यांवर चालणारा. पाठीमागे सेफ्टीपिनांनी आवळलेला. मोबदला म्हणजे सीझनला एक साडी, तिने निवडलेली. वहिनी तोंडाने कुरकुरायच्या कारण पोरगी नेमकी सगळ्यात महागडी उचलायची. मग तिला बंगळूरला नोकरी लागली. गच्चीवर काही दिवस वहिनींनी साड्या नुसत्या दोरीवर टाकून फोटो काढले. ते फोटो कुणी उघडूनही बघेना. एकदा त्यांनी स्वतः नेसून काढले तर एका गिऱ्हाइकाने विचारलं, "काकू, वयस्कर बायकांसाठीच आहे का ही?" त्या दिवशी वहिनींचा मला फोन आला: "वन्सं, ते काय असतं ना, त्यात साडीचा फोटो टाकला की बाई नेसून येते, ते मला लावून द्या."

मी लावून दिलं. एक ॲप होतं. पलंगावर पसरलेल्या साडीचा फोटो टाकायचा, बाईचा रंग, बांधा, वय निवडायचं, पार्श्वभूमी निवडायची: वाडा, मंदिर, समुद्र, कॅफे. अर्ध्या मिनिटात बाई उभी. पहिली आली तेव्हा आम्ही दोघी नणंदा-भावजया स्वयंपाकघरात टाळ्या पिटत होतो, हे कबूल करते. पलंगावरची चादर, उशीचा कोपरा, वहिनींच्या पायाचा आलेला अंगठा, सगळं गायब आणि त्या जागी ही, ऐटीत. एका फोटोमागे दोन-चार रुपये पडत होते. चहासुद्धा करायला नको.

मग हळूहळू दिसायला लागलं. सहा बोटांचे विनोद आता जुने झाले, बोटं नीट येतात. पण नथ उजव्या नाकपुडीत आली. मंगळसूत्राची एक वाटी गळ्याच्या कातडीत विरघळून गेली. इरकलीचं अंग आणि पदर वेगळे असतात, दोन्ही जिथे जोडले जातात तिथे एक ठसठशीत सीमा असते. ॲपने ती पुसून लाल रंग मोरपंखीत हळुवार मिसळून टाकला, जसा आइस्क्रीमचा रंग वितळावा. आणि नऊवारीची तर दैनाच. त्या यंत्राने नऊवारीचे हजारो फोटो पाहिले असतील, पण सगळे पुढून. त्यामुळे निऱ्या छान, ओचा ठीक, आणि काष्टा? तो कुठे जातो ते त्याला माहीतच नाही. दोन पायांमधून कापड मागे जातं आणि तिथे खोवलं जातं, ही गोष्ट कधी कुणी त्याला सांगितलेली नाही. दोन्ही पायांवरून कापड असं काही गुंडाळलं होतं की त्या बाईला एक पाऊल टाकता आलं नसतं. मी वहिनींना म्हटलं, हिला मागून बघू या. ॲपमध्ये 'मागील बाजू' असा पर्याय होता. दाबला तर भलतीच बाई आली, भलत्याच साडीत. वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, हडळ!" लहानपणी दोघींनीही ऐकलेलं होतं: हडळ पुढून देखणी असते, पाठ पोकळ आणि पाय उलटे. आम्ही हसून हसून लोळलो. पाय दाखवायचेच नाहीत, घोट्यापाशी फोटो कापायचा, असं मग ठरलं.

त्या रात्री झोप लागेना तेव्हा मला पुण्यातल्या काकू आठवल्या.

नव्वदच्या दशकात मी पुण्यात एका लहानशा जाहिरात संस्थेत मजकूर लिहायचे. लक्ष्मी रस्त्यावरच्या साडीच्या दुकानांची दिवाळीची जाहिरात म्हणजे आमचा वर्षाचा मोठा सण. मॉडेल मुंबईहून पहाटेच्या इंद्रायणीने यायची आणि स्टुडिओत शिरल्या शिरल्या डोकं टेकायला कोपरा शोधायची. आणि साडी नेसवायला काकू. त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. शिंप्याच्या घरातल्या, नारायण पेठेतून चालत यायच्या, पिशवीत पिनांचा डबा, कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे आणि एक छोटी इस्त्री. ओठांत पाच-सहा पिना धरून त्या बोलायच्या, आणि आम्हा सगळ्यांना ते पिनांमधून आलेलं बोलणं कळायचं. "श्वास सोड," त्या मॉडेलला म्हणायच्या आणि तिने सोडला की त्या क्षणी नाडी आवळायच्या. पुढच्या निऱ्या इंचाइंचाने सारख्या, पदरावरचे मोर नेमके कॅमेऱ्याकडे तोंड करून, आणि मागे सगळीकडे चिमटे. पुढून राणीसरकार, मागून दोरीवरचं धुणं. पायात हवाई चपला, कारण पाय फ्रेममध्ये नाहीत. उंची कमी पडली तर खाली वीट. पदर उडवायला टेबलफॅन, तो धरायला एक पोऱ्या. लिपस्टिक जाऊ नये म्हणून चहा स्ट्रॉने, आणि गरम चहात ती स्ट्रॉ मऊ होऊन वाकायची.

एकदा आलेल्या मुलीला ताप होता. दिव्यांच्या उष्णतेत तिच्या वरच्या ओठावर घाम जमायचा, मेकअपवाली टिपायची, फोटोग्राफर "रेडी" म्हणायचा, ती डोळे उघडायची आणि त्या डोळ्यांतली तापाची चमक आम्हाला सगळ्यांना फार आवडली. "आज काय दिसतेय!" असं मीही म्हणाले. आठ साड्या झाल्यावर तिने परकर सैल केला तेव्हा कमरेभोवती नाडीचा लालभडक वळ होता. काकूंनी पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली आणि काहीही न बोलता त्याच्यावर लावलं. मी बाहेर बसून 'परंपरेचा तलम स्पर्श' असलं काहीतरी लिहीत होते. दुसऱ्या दिवशी निवडलेल्या फोटोवर सूचना लिहायचं कामही माझंच: 'डाव्या दंडावरचा व्रण काढणे.' देवीच्या लशीचा व्रण. आईच्या दंडावर आहे, माझ्या आहे. भाचीच्या पिढीत तो गेला आणि बीसीजीचा आला. या देशात त्या जागेवर खूण नसलेला दंड शोधावा लागेल, आणि तरी जाहिरातीतल्या एकाही दंडावर ती कधी नव्हती. आमचा रिटचिंगवाला बारीक कुंचल्याने तो व्रण असा काढायचा की खुद्द त्या मुलीला आपला दंड ओळखू येऊ नये.

म्हणजे खोटं तेव्हाही होतंच. मी पगार घेऊन ते करत होते. आता वहिनींच्या ॲपवर नाक मुरडायचं तर कुठल्या तोंडाने?

आणि मोठी दुकानं तर केव्हाच पुढे गेली होती. २०११ मध्ये एच अँड एम या स्वीडिश कंपनीच्या संकेतस्थळावर अंतर्वस्त्रांतल्या मॉडेलांचे फोटो नीट पाहणाऱ्यांच्या लक्षात आलं की सगळ्यांचं अंग एकच आहे. तोच हात, तीच कंबर, तोच उभं राहण्याचा झोक; बदलत होती ती फक्त मुंडकी आणि कातडीची छटा. कंपनीने मान्य केलं की शरीर संगणकावर बनवलंय आणि खऱ्या मुलींचे चेहरे त्याला बसवलेत. जगभर छी-थू झाली. मला मात्र ते वाचल्यावर पहिल्यांदा काय आठवलं असेल तर आमच्या गौरी. हसू नका. लोखंडी स्टँड, त्याला वर्तमानपत्रांचं आणि जुन्या चादरीचं पोट, वर पितळी मुखवटा, दोन सुटे हात. अंग एकच, मुखवटे दोन. आणि त्या नसलेल्या अंगाला आम्ही तासभर खपून साडी नेसवतो, कमरपट्टा घालतो, ओटी भरतो, माहेरवाशीण म्हणतो. कापडाला आत माणूस लागतोच असं कुठाय? दुकानातल्या पुतळ्यांचंही तेच. २०१३ मध्ये मुंबई महापालिकेत अंतर्वस्त्रं घातलेले पुतळे दुकानांसमोर नकोत असा ठराव झाला होता. प्लास्टिकच्या बाईमुळे पुरुषांची नजर बिघडते म्हणे. आम्ही तेव्हा खूप हसलो होतो, पण प्लास्टिकला आपण बाई समजतो हे त्या नगरसेवकांनी अगदी बरोबर ओळखलं होतं.

तरी काहीतरी वेगळं आहे, आणि ते काय आहे ते मला आईच्या दोन प्रश्नांपलीकडे जाऊन अजून नीट मांडता येत नाही.

अमेरिकन 'व्होग' या फॅशन मासिकाच्या ऑगस्ट २०२५ च्या अंकात गेस या ब्रँडची जाहिरात आली. सोनेरी केसांची गोरीपान बाई, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत की ही एआयने केलेली आहे. ती बनवणाऱ्या दोघी तरुण बायका. त्यांनी सांगितलेल्या हकिकतीतला एक तपशील माझ्या मनातून जात नाही: गेसच्या सहसंस्थापकाला त्यांनी आधी दहा मुली करून दाखवल्या आणि त्याने त्यातल्या दोन निवडल्या, एक सोनेरी केसांची, एक काळ्या. दहा मुली दाखवल्या, दोन पसंत पडल्या! हा कार्यक्रम आपल्याला चांगला माहीत आहे. फक्त कांदेपोहे नाहीत, आणि उरलेल्या आठजणींना कुणी "कळवतो" असंही म्हणालं नाही. त्या आठजणी कुठे गेल्या असतील? मी सांगलीच्या स्वयंपाकघरात 'पुन्हा तयार करा' हे बटण किती वेळा दाबलं ते मोजलं नाही. नाक जरा मोठं वाटलं, दाबलं. रंग जरा सावळा आला, वहिनी म्हणाल्या "उजळ करा हो जरा," दाबलं. ते "उजळ करा" मी निमूटपणे केलं. स्वतः सावळी असून केलं.

सावळ्या रंगावरून शुडू आठवते. २०१७ मध्ये कॅमेरॉन-जेम्स विल्सन या ब्रिटिश छायाचित्रकाराने संगणकावर घडवलेली काळीभोर देखणी मुलगी, गळ्यात सोनेरी कड्यांची चळत. लोकांना ती खरीच वाटली. २०१८ मध्ये गायिका रिहानाच्या फेंटी ब्यूटी या प्रसाधनांच्या ब्रँडने तिचा फोटो आपल्या खात्यावर टाकला. मग कळलं की मुलगी नाहीच, आणि तरीही त्याच वर्षी बालमाँ या फ्रेंच फॅशन घराण्याने तिला जाहिरातीत उभं केलं. काळ्या मुलींना कामं मिळत नाहीत म्हणून आरडाओरड चाललेली असताना एका गोऱ्या पुरुषाने स्वतःची एक काळी मुलगी बनवून घेतली, असं लोक चिडून म्हणाले, आणि मला ते पटतं. ही कुणाची, याचं इतकं स्पष्ट उत्तर क्वचितच मिळतं. पण एक आहे. तो माणूस एकेका चित्रावर दिवसच्या दिवस बसायचा. अंगावर उजेड कुठून पडेल, कातडी कुठे चमकेल, हे हाताने ठरवायचा. आईच्या दुसऱ्या प्रश्नाला तिथे निदान एक नाव तरी होतं.

आईचा प्रश्न दुपारचा. रात्री जेवणं झाल्यावर भाचीचा फोन आला, स्पीकरवर. ग्रुपवर तीही आहे.

"आत्या, ती मोरपंखीवाली बघितलीस? ती माझी हनुवटी आहे."

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी भांडी आवरायला घेतली. मग कळलं: ॲपने नवा पर्याय दिला होता, 'तुमची स्वतःची मॉडेल बनवा'. आठ-दहा फोटो टाकायचे. वहिनींकडे गच्चीवरचे चार वर्षांचे फोटो होतेच. भलतीच कुणीतरी बाई दाखवण्यापेक्षा आपल्या पोरीचं वळण असलेली बरी, असं त्यांना वाटलं. दीड महिन्यात त्या वळणाच्या मुलीने साठेक साड्या नेसल्या होत्या. आणि मी दुपारी आईला बिनधास्त सांगून मोकळी झाले होते, कुणाची नाही म्हणून. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना दिसलं ते मला दिसलं नव्हतं.

"मला विचारायचं तरी ना, आई."

"काय विचारायचं? फोटो माझ्या फोनमधले. आणि मी काय परकी आहे? माझीच मुलगी ना तू?"

"अगं म्हणूनच विचारायचं!"

मग ती हसली, कारण ती हसतेच. सीझनला एक साडी ठरली होती, साठ साड्यांचा हिशोब कर, म्हणाली. वहिनीही हसल्या, वातावरण सैल झालं. आणि जाता जाता, फोन ठेवायच्या आधी, ती म्हणाली, "तिने माझा तीळ काढून टाकलाय पण. हनुवटीवरचा. मला नक्की कशाचा राग आलाय तेच कळत नाहीये. मला घेतल्याचा, की तीळ न घेतल्याचा."

मला माझ्याच अक्षरातली ती ओळ आठवली. 'डाव्या दंडावरचा व्रण काढणे.'

परदेशात याच्यावर आता कागद होतात. ज्या एच अँड एमने २०११ मध्ये एका धडावर सगळी मुंडकी बसवली, त्याच कंपनीने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं की ३० मॉडेलांची डिजिटल जुळी भावंडं बनवणार, आणि प्रत्येक जुळीची मालकी त्या त्या मॉडेलकडेच राहील. तिने हवं तर ती दुसऱ्या ब्रँडलाही द्यावी. त्यातली एक जण म्हणाली की ती म्हणजे मीच, फक्त जेट लॅग नसलेली. मला इंद्रायणीने येऊन स्टुडिओच्या कोपऱ्यात झोपलेल्या मुली आठवल्या. त्यांच्यातल्या कुणालाही ही सोय आनंदाने चालली असती. न्यूयॉर्क राज्यात तर जून २०२५ पासून कायदाच लागू झालाय. मॉडेलची डिजिटल प्रत करायची तर तिची वेगळी लेखी संमती हवी. कशासाठी, किती दिवस, किती पैशांत, सगळं लिहून. मी हे भाचीला पाठवलं. तिने उलट लिहिलं, "आईला पाठव. सही करायला मी शनिवारी येते." पुढे हसणारे चेहरे.

पण कागद झाला तरी काकूंचं काय? मॉडेलला तिच्या चेहऱ्याचे पैसे मिळतील समजा. पिनांच्या डब्याचे कुणाला मिळणार? झलांडो ही बर्लिनची कपड्यांची मोठी कंपनी. तिने २०२५ मध्ये सांगितलं की ज्या चित्रांना आधी सहा ते आठ आठवडे लागत ती आता तीन-चार दिवसांत होतात आणि खर्च ९० टक्क्यांनी उतरलाय. हे ९० टक्के म्हणजे कोण, ते मला ओळीने सांगता येईल. टेबलफॅन धरणारा पोऱ्या. मेकअपवाली. कुंचल्याने व्रण काढणारा तो रिटचिंगवाला. चहावाला. काकू. आणि हो, 'परंपरेचा तलम स्पर्श' लिहिणारी मीसुद्धा, कारण हल्ली वहिनी साडीखालचा मजकूरही त्याच ॲपकडून घेतात. माझ्यापेक्षा बरा लिहितं, असं त्या म्हणाल्या नाहीत. पण माझ्याकडून त्यांनी परत मागितलाही नाही.

आमच्याकडे पूर्वी दिवाणखान्यात एक छापील चित्र होतं, हातात समई घेतलेल्या बाईचं. एका हाताने ज्योत झाकलेली, बोटांच्या फटींतून लाल उजेड, चेहरा त्या उजेडाने उजळलेला. ते राजा रविवर्म्याचं, असं वडील सगळ्यांना ठासून सांगत. ते हळदणकरांचं, सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं, मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये, हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्याहून उशिरा कळलं की ती बाई म्हणजे त्यांची मुलगी. गीता उपळेकर. दिवाळीत आईची साडी नेसून दिवा घेऊन उभी राहिली, वडिलांनी पाहिलं आणि तिला तशीच तासन्‌तास उभी केली. ती कोल्हापूरला राहायची, सांगलीपासून तासाभराच्या अंतरावर, आणि २०१८ मध्ये १०२ वर्षांची होऊन गेली. ती बातमी मी आईला वाचून दाखवली होती. आई कितीतरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हात दुखला असेल गं पोरीचा." एवढी वर्षं भिंतीवर बघितलेल्या चित्रातला हात तिला त्या दिवशी दुखताना दिसला.

त्या बापाने मुलीला विचारलं असेल का, असं मला आता वाटतं. वहिनींसारखंच "माझीच मुलगी ना तू" म्हणाला असेल.

गौरींना मी पुन्हा गेले. भाचीही आली होती, दोन दिवसांच्या रजेवर. वहिनींचा सीझन जोरात होता, ॲपवाल्या फोटोंना मागणी दुप्पट. एक तक्रार मात्र वारंवार येत होती, की साडी फोटोतल्यासारखी चापूनचोपून बसत नाही. "फोटोतल्या बाईला श्वास घ्यायचा नसतो हो," असं वहिनी त्यांना सांगत, आणि तरी रोज नवे फोटो टाकत. मायलेकींचं काय ठरलं ते मी विचारलं नाही. मोरपंखी इरकल भाचीच्या बॅगेत गेली होती एवढं पाहिलं. त्या नव्या मुलीच्या हनुवटीवर आता तीळ होता. कुणी सांगितलं त्या यंत्राला, तेही विचारलं नाही.

संध्याकाळी गौरी उभ्या करायच्या होत्या. आईच्या बोटांना आता निऱ्या झेपत नाहीत, पण दुसऱ्या कुणाच्या पटत नाहीत. ती पाटावर बसून सांगत होती, आम्ही तिघी करत होतो. शेवटी न राहवून उठलीच. ओठांत तीन पिना धरल्या, पदर खांद्यावर बसवला, एक पिन काढली, टोचली. मुखवट्याखालच्या नसलेल्या खांद्यावर तिने हात असा फिरवला, जसा माझ्या लग्नात माझ्या फिरवला होता. मग मागे सरून बघितलं.

"मागून बघ गं," पिनांमधून ती मला म्हणाली.

मागे भिंत. तिथून कुणीही बघणार नव्हतं. तरी मी अंग चोरून स्टँड आणि भिंतीच्या मध्ये शिरले. लोखंडी दांडा, सुतळी, दोन लाकडी चिमटे, जुन्या चादरीची वर आलेली किनार, गेल्या वर्षीच्या वर्तमानपत्राचा कोपरा. चादर आत खोचली. कमरेपाशी साडी जरा सुटली होती, तिथे चिमटा सरकवला.

"बरं आहे," मी आतून म्हटलं.

आईने ओठांतली शेवटची पिन काढून भाचीच्या हातात दिली आणि नव्या डोळ्यांनी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"खालून ओढ जरा," ती म्हणाली. "पाय दिसतायत."